पुरुषोत्तम करंडक : फायनलच्या नादात प्राथमिक फेरी सोडू नका

पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची फायनल बघायला सगळं पुणं धावतं, तिकिटं हा हा म्हणता संपतात, दुसऱ्या दिवशी पेपरात करंडक उचललेल्या पोरांचा फोटो येतो, आणि त्यात काही वाईट नाही, पण मला विचाराल तर बघायची असेल तर प्राथमिक फेरी बघा. तिथे कॉलेजची पोरंपोरी खच्चून भरलेली असतात, माजी विद्यार्थी असतात, काम करणाऱ्यांचे आईवडील असतात, पण कुठल्याच कॉलेजशी संबंध नसलेला, निव्वळ नवीन काय लिहिलं जातंय ते ऐकायला आलेला माणूस फार कमी दिसतो. हे लिहायचं कारण एवढंच की असे लोक वाढले पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते, पुरुषोत्तम उर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ म्हणून पुरुषोत्तम करंडक. जागा म्हणजे सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, ज्याला कोणीच पूर्ण नावाने हाक मारत नाही, 'भरत' म्हटलं की झालं. आणि ही भरतची संस्थाही काही आजकालची नाही बरं का, १८९४ साली स्टुडंट्स सोशल क्लब म्हणून सुरू झाली, म्हणजे तिच्या मुळातच विद्यार्थी आहेत. पावसाळ्यात, साधारण ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी सुरू होते, रोज संध्याकाळी ओळीने दोन-तीन एकांकिका, असे पन्नासच्या आसपास संघ, त्यातले नऊ फायनलला. पुण्यातली कॉलेजं तर असतातच, पण नगर, सोलापूर, बारामतीकडूनही पोरं टेम्पोत सामान टाकून येतात. आता इतर केंद्रांवरही स्पर्धा होते आणि तिथले विजेते महाअंतिम फेरीला एकत्र येतात, पण मी लिहितेय ते पुण्याच्या प्राथमिक फेरीबद्दल.

आता मुद्द्याचं. पुरुषोत्तमला लोक नटांची खाण म्हणतात. दरवर्षी कुठे ना कुठे लेख येतोच की अमुक इथूनच पुढे आला, तमुकने इथेच पहिलं बक्षीस घेतलं, जब्बार पटेल, मोहन आगाशेंपासून अमेय वाघ, निपुण धर्माधिकारींपर्यंत ती यादी आपल्याला पाठ झालीये. यादी खरीच आहे. पण त्या यादीमुळे काय होतं की आपण तिथे जातो ते उद्याचा स्टार हेरायला, आणि ज्याच्या डोक्यातून तो अख्खा तास निघालाय त्या पोराकडे किंवा पोरीकडे कोणी बघतच नाही. माझ्या मते पुरुषोत्तमची खरी ताकद लेखनात आहे, कारण स्पर्धेची रचनाच तशी आहे. इथे सगळा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर, भलामोठा सेट लावला, लाइट्सचा झगमगाट केला, खर्चून म्युझिक करून आणलं म्हणून मार्क वाढत नाहीत. हीच गोष्ट फिरोदिया करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्याच दुसऱ्या स्पर्धेला, बरोबर उलटी, तिथे चित्र, शिल्प, नाच, गाणं, वाद्यं सगळं एका कथेत गुंफायचं असतं आणि त्याची म्हणून वेगळी मजा असते, मलाही फिरोदिया आवडतो. पण लेखकाचं माप काढायचं असेल तर ते पुरुषोत्तमलाच निघतं, कारण दोन खुर्च्या, एक टेबल, फार तर चार लेव्हल्स, म्हणजे उंचीचे ठोकळे, आणि समोर बसलेलं भरभरून गोंगाट करणारं पब्लिक, एवढ्यावर तासभर धरून ठेवायचं असेल तर वाक्यात जीव लागतो. तो नसेल तर दहाव्या मिनिटाला खुर्च्या कुरकुरायला लागतात आणि ते स्टेजवरच्यांनाही ऐकू जातं.

यावर्षी बघितलेल्यातली एक एकांकिका सांगते, नाव आणि कॉलेज मुद्दाम सांगत नाही, कारण स्पर्धेचा निकाल काय लागला याच्याशी मला इथे देणंघेणं नाही. आई गेलीये, तेराव्यानंतरचा दिवस, दोन बहिणी आणि भावजय स्वयंपाकघरात भांडी वाटायला बसल्यात. बस, एवढंच. स्टेजवर खरोखरची स्टीलची आणि पितळेची भांडी, पातेली, ताटं, डबे, एक मोठं घंगाळ. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत असते ना, कोणी दिलं, कुठल्या लग्नात, कुठल्या तारखेला, तर त्या तिघी एकेक भांडं उचलून नाव वाचतात आणि त्या नावामागचा माणूस, त्याचं भांडण, त्याचा मानपान, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं असं सगळं बाहेर येत जातं. पहिली पंधरा-वीस मिनिटं पब्लिक नुसतं हसत होतं, कारण प्रत्येकाच्या घरात ते घडलेलं आहे. आणि मग धाकटी एक छोटासा कडीचा डबा उचलते, पालथा करते, वाचते आणि काहीच बोलत नाही. पदराने त्याचं बूड पुसते, परत वाचते. मोठी म्हणते, "कोणाचा गं?" तर ती म्हणते, "पुसट झालंय." आणि डबा स्वतःच्या ढिगात न ठेवता, ताईच्या ढिगात न ठेवता, परत फळीवर ठेवून देते.

ते नाव कोणाचं होतं हे शेवटपर्यंत कळत नाही. तीन बायकांपैकी प्रत्येकीने तो डबा एकदा तरी हातात घेतला, प्रत्येकीने वाचलं, आणि प्रत्येक जण म्हणाली पुसट झालंय. म्हणजे तिघींनाही माहितीये. आईच्या आयुष्यात कोणीतरी होतं, किंवा कदाचित काहीतरी वेगळंच असेल, पण त्या घरात ते बोलायचं नाही हे तिघींचं न बोलता ठरलेलं, आणि जी भावजय मघापासून बाहेरची म्हणून वागवली जात होती ती तेच वाक्य बोलली त्या क्षणी ती घरातली झाली. हे सगळं एका 'पुसट झालंय'वर. मी बऱ्यापैकी नाटकं बघते, व्यावसायिकही बघते, पण इतकं कमी शब्दांत इतकं मोठं काम केलेलं हल्ली फार बघितलं नव्हतं.

आणि हे लिहिणारा कोण, तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा. प्रयोग संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर नुसती झुंबड, धाकटीचं काम करणाऱ्या मुलीबरोबर सेल्फी काढायला रांग लागलेली, आणि तिने काम केलंच होतं तसं, तिचं कौतुक व्हायलाच हवं. लेखक कोण म्हणून मी विचारत गेले तर एकाने बोट दाखवलं, तो आपला गाड्या लावलेल्या असतात तिथे कडेला ताटं-पातेली पोत्यात भरत उभा. मी जाऊन सांगितलं की बाबा फार छान लिहिलंयस, तर पहिला प्रश्न काय विचारावा त्याने, "काकू, पण मागपर्यंत 'पुसट झालंय' ऐकू आलं ना?" मी म्हटलं आलं की, शेवटच्या रांगेत पण आलं. मग मी विचारलंच, अरे, नाव कोणाचं होतं मग? तर म्हणाला, "ते मी लिहिलंय डब्यावर. तिघींनाच दाखवलं होतं तालमीत." म्हणजे डब्यावर खरंच नाव कोरून घेतलेलं, आणि प्रेक्षकाला ते कधीच दिसणार नाही हे ठरवून. मला त्या पोराचं फार म्हणजे फारच कौतुक वाटलं.

आता सगळंच असं असतं का, तर नाही. प्राथमिक फेरी म्हणजे जे येईल ते बघायचं, आणि त्यात कच्चं खूप असतं. त्याच संध्याकाळची दुसरी एकांकिका सुरुवातीला काय जबरदस्त पकड घेऊन आली होती, बंद पडलेल्या एका एटीएमच्या खोलीत रात्रपाळीचा वॉचमन आणि पाऊस लागला म्हणून आत शिरलेला एक म्हातारा, दोघांची बोली सोलापूरकडची, शब्दाला शब्द लागून नुसती आतषबाजी, वॉचमन म्हाताऱ्याला बाहेर काढू शकत नाही आणि ठेवूनही घेऊ शकत नाही, कारण कॅमेरा चालू आहे की बंद हेच त्याला माहीत नाही. किती भारी कल्पना आहे ही! आणि चाळीस मिनिटं झाल्यावर लेखकाला अचानक धीर राहिला नाही असं वाटलं. म्हातारा समोर आला, स्पॉट पडला, मागून व्हायोलिन, आणि शेतकऱ्याच्या अवस्थेवर एक लांबलचक स्वगत. त्या स्वगतातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, पण म्हाताऱ्याच्या तोंडचं नव्हतं. तो म्हातारा इतका वेळ ज्या भाषेत बोलत होता, चिमूटभर तंबाखूवरून वॉचमनशी ज्या भाषेत भांडत होता, ती सोडून एकदम अग्रलेखाच्या भाषेत गेला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या, आणि माझी मुख्य तक्रार त्या टाळ्यांशीच आहे.

कारण स्पर्धेच्या एकांकिकेचा एक साचा झालाय आणि तो पोरांना कोणी शिकवावा लागत नाही, बघून बघून येतो. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक हालचालीचा तुकडा, मग पंधरा मिनिटं हशे, मग हळूहळू गंभीर, चाळिसाव्या मिनिटाला एक धक्का, शक्यतो मरण, आणि शेवटी मुख्य पात्राचं प्रेक्षकांकडे तोंड करून स्वगत आणि ब्लॅकआउट. विषयही ठरलेले, शेतकरी आत्महत्या, वृद्धाश्रम, जात, तृतीयपंथी, मोबाइलचं व्यसन, नाहीतर महाभारतातलं एखादं पात्र आजच्या काळात. विषयांना माझा काहीही विरोध नाही, हे विषय स्टेजवर आलेच पाहिजेत, आणि वीस वर्षांच्या पोराला ते बोलावेसे वाटतात हे चांगलंच लक्षण आहे. पण विषय मोठा असला की एकांकिका आपोआप मोठी होत नाही. वृद्धाश्रमावरची एकांकिका लिहिणाऱ्याने एकदा तरी वृद्धाश्रमात जाऊन दुपारभर बसलेलं आहे की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं, तिथे जेवण किती वाजता असतं, टीव्हीचा रिमोट कोणाकडे असतो, भेटायला येणाऱ्याची चप्पल कोण ओळखतं, असलं काहीतरी एक जरी आलं तरी मी पुढचं सगळं माफ करायला तयार असते.

२०२२ साली पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का. पोरांनी महिनोन्महिने घाम गाळला आणि एकही एकांकिका लायक नाही म्हणजे काय, असं एका बाजूचे म्हणत होते, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की दर्जा राखायचा तर हे करायलाच हवं. मला तेव्हाही वाटलं आणि आत्ताही वाटतं की करंडक राखून ठेवणं हा परीक्षकांचा हक्क आहे आणि तो त्यांनी वापरला तर पोरांचा अपमान होत नाही. इतकी वर्षं चाललेल्या स्पर्धेचा करंडक दरवर्षी कोणाला तरी मिळतोच असं असेल तर त्याची किंमत काय. फक्त एक, असा निर्णय घेतला की पोरांशी सविस्तर बोलणं आलं, एकेका संघाला बसवून, तुझ्या संहितेत या पानापर्यंत काय छान चाललं होतं आणि इथे काय निसटलं, हे सांगणारं कोणीतरी हवं. हे मी कुठल्याही एका स्पर्धेबद्दल म्हणत नाहीये, महाराष्ट्रात जिथे जिथे एकांकिका स्पर्धा होतात तिथे सगळीकडेच लेखकाला नंबर कळतो, कारण कळत नाही. नटाला दहा जण सांगतात तुझा आवाज पडला, तुझी एन्ट्री उशिरा झाली. लेखकाला कोण सांगणार?

आणि लेखकाचं एवढं कौतुक मी का लावलंय तर मराठी नाटकाचा इतिहास बघा ना. महेश एलकुंचवारांची एकांकिका १९६७ मध्ये 'सत्यकथे'त छापून आली, ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या वाचनात आली आणि त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका बसवल्या, तिथून पुढे केवढा मोठा नाटककार आपल्याला मिळाला. एका मासिकात एक छोटी संहिता आली, एका वाचणाऱ्या माणसाने ती नीट वाचली, बस. सतीश आळेकरांनीही आधी एकांकिकाच लिहिल्या. म्हणजे छोटं नाटक ही मोठ्या नाटकाची नुसती रंगीत तालीम नाही, तिथेच लेखकाचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. आता 'सत्यकथा' नाही, एकांकिका छापणारी मासिकं जवळपास नाहीतच, दिवाळी अंकात एकांकिका शोधावी लागते. मग नव्या लेखकाला ऐकायची जागा राहिली कुठे, तर या स्पर्धांमध्येच. लोकसत्ताची लोकांकिका स्पर्धा २०१४ पासून आहे, राज्यभरातून फेऱ्या होतात, मुंबईत चतुरंग संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा आहे जिथे वर्षभरात पहिल्या आलेल्या एकांकिका २५ जानेवारीच्या रात्री सुरू होतात आणि प्रजासत्ताक दिनाची पहाट होईपर्यंत चालतात, तिचा माहोल ज्याने अनुभवला नाही त्याने एकदा अनुभवावाच. पण सवाईला जे पोचतं ते चाळून, घासून, दहा स्पर्धा खेळून आलेलं असतं. प्राथमिक फेरीत तुम्हाला लेखन मिळतं ते ताजं, कधीकधी पहिल्यांदाच चार भिंतींबाहेर आलेलं, लेखकाला स्वतःलाही माहीत नसतं की हे वाक्य हसू आणणार आहे की शांतता, आणि ते त्याला आणि आपल्याला एकाच क्षणी कळतं. हे दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

एक गोष्ट खटकते ती सांगितलीच पाहिजे, आणि ती पुरुषोत्तमची नव्हे. मागे एका दुसऱ्याच स्पर्धेला गेले होते, नाव नको, तिथे हातात दिलेल्या कागदावर कॉलेजचं नाव, एकांकिकेचं नाव, दिग्दर्शक, कलाकार, प्रायोजकांची तर दहा नावं, आणि लेखक गायब. विचारलं तर म्हणे जागा पुरली नाही. नव्या लेखकाला मानधन थोडं कमी द्या पण नाव तरी नीट छापा हो. निवेदकाने घोषणा करताना लेखकाचं नाव आधी घ्यावं, आणि नुसतं पुटपुटू नये.

प्रेक्षकांबद्दल. पुरुषोत्तमचं पब्लिक म्हणजे आवाज. "अरे आव्वाज कुणाचा!" सुरू झालं की भरतचं छप्पर हलतं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं आपण मॅचला आलोय की नाटकाला. ज्यांना याचा त्रास होतो त्यांना मी एकच सांगेन, पडदा उघडेपर्यंत सहन करा. तिसरी घंटा झाली, दिवे गेले की तीच पोरं अशी काही गप्प होतात की विश्वास बसत नाही. आणि दुसऱ्या कॉलेजच्या चांगल्या वाक्याला दाद देणारी पोरंही मी तिथेच बघितलीयेत, 'पुसट झालंय'च्या तिसऱ्या वेळेला जी पहिली टाळी पडली ती प्रतिस्पर्धी कॉलेजच्या घोळक्यातून पडली होती. शिस्तीचं म्हणाल तर वेळेबद्दल ही स्पर्धा पहिल्यापासून कडक, कलोपासकच्या राजाभाऊ नातूंच्या शिस्तीच्या आठवणी जुने लोक अजून सांगतात. त्यामुळे तुम्हीही वेळेत पोचा, एकांकिका सुरू झाल्यावर मोबाइलचा टॉर्च मारत खुर्ची शोधणं म्हणजे तासाभराच्या नाटकातली पाच मिनिटं चार लोकांची घालवणं.

लेखन करणाऱ्या किंवा करू बघणाऱ्या मुलामुलींसाठी तर मी म्हणेन की कॉलेजच्या संघात असा नसा, प्राथमिकचे चार दिवस तरी नुसते बसा आणि वही घेऊन बसा. चांगलं बघून शिकता येतं तेवढंच फसलेलं बघूनही शिकता येतं, कदाचित जास्तच, कारण फसलेल्यात सांधे दिसतात. कुठल्या वाक्यावर प्रेक्षक सुटला, कुठे लेखकाने दोन पात्रांना उगाच फोन घ्यायला लावला कारण माहिती कशी द्यायची कळलं नाही, कुठे आठ पात्रं असताना तिघांनाच काम आहे आणि बाकीचे झाडं झालेत. आणि कथेवरून एकांकिका करणारे संघही बरेच असतात, ते जरूर बघा, कारण छापील कथेतलं मनातलं बोलणं स्टेजवर कसं आणलंय की आणलंच नाहीये हे तिथे लख्ख कळतं. अजून एक, महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाला संहितेवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे आदल्या रात्रीपर्यंत लिहीत बसायची सवय असलेल्यांनी आधीच जागं व्हावं.

मुलींच्या लेखनाबद्दल वेगळं सांगायला हवं. लिहिणाऱ्या मुली आता दिसतात आणि त्यांच्या एकांकिकांत घर वेगळंच दिसतं. एका मुलीने लिहिलेल्या एकांकिकेत हॉस्टेलच्या खोलीतल्या चौघी जणी नुसत्या एका कुलपाच्या किल्लीवरून भांडत होत्या, आणि त्यात कोण कोणाला किती भाडं देते, कोणाच्या घरून डबा येतो, कोण रात्री गच्चीत जाऊन कोणाशी बोलते हे सगळं असं सहज उलगडत गेलं की मला वाटलं ही मुलगी पुढे नक्की मोठं दोन अंकी लिहिणार. शेवट जमला नव्हता, कोणाच्या तरी आत्महत्येवर नेऊन ठेवला होता, गरज नव्हती. किल्ली सापडली असती तरी पुरेसं होतं, किंवा सापडली नसती तरी.

आता सोयीचं बोलू. भरत पेठेत आहे, गाडी लावायची जागा शोधण्यात जीव जातो, सदाशिव पेठ आहे ती. चारचाकी नकोच. मेट्रो आता मंडई आणि स्वारगेटपर्यंत येते, तिथून चालत यायला फार वेळ लागत नाही, छत्री मात्र हवीच कारण दिवस पावसाचे. तिकीट सिनेमाच्या मानाने स्वस्तच म्हणायचं, आणि त्यात एकाच बैठकीत दोन-तीन नव्या लेखकांना ऐकायला मिळतं. मध्ये वेळ असतो तेव्हा बटाटावडा आणि चहा, नाटकाच्या मध्यंतराला दुसरं काही खाऊच नये या मताची मी आहे, आणि सगळं संपल्यावर भूक असेल तर टिळक रोडला बादशाही आहे, थोडं पुढे गेलं की इतरही बरंच आहे. वयस्कर मंडळींना न्यायचं असेल तर कडेची खुर्ची धरा, घोषणा सुरू झाल्या की कानाला त्रास होतो. लहान मुलांना नेऊ नका असं सांगेन, कंटाळतील म्हणून नव्हे तर विषय आणि भाषा दोन्ही मोकळी असते.

एक मागणी मात्र आहे आणि ती कुठल्या एका संस्थेकडे नाही, आपल्या सगळ्यांकडे, म्हणजे नाट्यगृहं चालवणारे, छोटे रंगमंच चालवणारे, दिवाळी अंक काढणारे, कॉलेजं. प्राथमिकला जे पन्नासेक प्रयोग होतात त्यातले नऊ पुढे जातात, थोडे इतर स्पर्धांना फिरतात, आणि उरलेल्या चाळीसेक संहिता मुलांच्या लॅपटॉपमध्ये पडून राहतात, पोरं पास होऊन कंपनीत लागतात आणि संपलं. त्यातल्या सगळ्याच जगल्या पाहिजेत असं नाही, पण चार-पाच तरी दरवर्षी अशा असतात की ज्यांना अजून एक प्रयोग, अजून एक वाचन मिळालं पाहिजे. नुसतं अभिवाचन ठेवलं तरी चालेल, सेट नको, लाइट नको, चार खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या, लेखक समोर बसलेला आणि नंतर अर्धा तास गप्पा. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागा पुण्यात आहेत, वाचनालयांचे हॉल आहेत, सोसायट्यांचे क्लब हाऊस आहेत. गणपतीत सोसायटीत ऑर्केस्ट्रा आणण्याऐवजी एका वर्षी अशी एकांकिका बोलवून बघा, पोरं आनंदाने येतील, टेम्पोचं भाडं आणि जेवण दिलंत तरी येतील, पण मानधनही द्या आणि त्यातला लेखकाचा वाटा वेगळ्या पाकिटात द्या.

पाचपैकी किती विचाराल तर प्राथमिक फेरीला माझे साडेचार. अर्धा कापला तो त्या साच्यातल्या स्वगतांसाठी, आणि तो आयोजकांचा नाही, टाळ्या देणाऱ्या आपला कापलाय. ऑगस्ट लागला की पुण्याच्या पेपरांच्या स्थानिक पानांवर लक्ष ठेवा, वेळापत्रक येतं. शक्यतो मधल्या वारांची संध्याकाळ निवडा, बाहेरगावच्या संघाची एकांकिका ज्या दिवशी असेल तो दिवस आधी पकडा, आणि संपल्यावर लगेच गाडी काढू नका, जो कोणी सामान भरत उभा असेल त्याला विचारा की लिहिलंय कोणी.